कुंड्या सोळा, किडी तीन, बाटली एक

वाचकाचं पत्र

डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर आमची पूर्वेची बाल्कनी आहे. ग्रिलला टांगलेली आणि स्टँडवरची मिळून सोळा ऑर्किडं आहेत. डेंड्रोबियम जास्त, चार फॅलेनॉप्सिस, दोन कॅटलिया. पावसाळा सरता सरता कीड सुरू झाली. डेंड्रोबियमच्या पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस धरतो, हाताला चिकट लागतं, मुंग्यांची रांग असते. कॅटलियाच्या बल्बवर (फुगीर खोडावर) पांढरी पूड बसल्यासारखी दिसते, पण तिथे मुंग्या नाहीत, चिकटपणाही नाही. फॅलेनॉप्सिसची पानं मागून चंदेरी-तपकिरी पडत चालली आहेत, किडा मात्र एकही दिसत नाही. नर्सरीवाल्याने 'सगळ्यावर चालतं' म्हणून एका छोट्या बाटलीत औषध काढून दिलं. लेबल नाही. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, रॉकेलसारखा वास येतो. लिटरला एक टोपण या हिशेबाने रविवारी दुपारी सगळ्यांवर मारलं. चार दिवसांत कोवळ्या पानांवर काळे डाग आले आणि फॅलेनॉप्सिस तर आणखीच बिघडल्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निंबोळी तेल, कॉन्फिडोर, बाविस्टीन आणि शाम्पू एकत्र करून मारायला सांगतात. घरात तीन वर्षांचा नातू आणि मांजर आहे. नक्की कोणतं कीटकनाशक घेऊ, किती घालू? शिवाय दिरांनी आंबोलीकडून सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) आणून दिली आहे, तीही याच बाल्कनीत लावू का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, किडीचं नंतर बघू. आधी ती बाटली नातवाचा हात पोचणार नाही अशा कुलुपाच्या जागी ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'विष' असं लिहून चिकटवा. आत नेमकं काय आहे हे मी सांगू शकत नाही आणि तुमचे नर्सरीवालेही आता शपथेवर सांगू शकणार नाहीत. तुमच्या वर्णनावरून एवढं कळतं की ते 'ई.सी.' प्रकारातलं आहे, म्हणजे विष तेलकट द्रावकात विरघळवून, पाण्यात मिसळावं म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ घातलेला. म्हणूनच पाणी दुधाळ होतं आणि रॉकेलसारखा वास येतो. शेतात वर्षानुवर्षं वापरली जाणारी रोगोर (डायमेथोएट), मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस ही औषधं बहुतेक याच रूपात मिळतात. ऑर्किडच्या कोवळ्या पानांना पुष्कळदा विषापेक्षा हा द्रावकच जास्त भाजतो. त्यात तुमचं टोपण. बाटलीचं टोपण साधारण 5 मि.ली.चं असतं, थोडं मोठं असेल तर 10 चं. या औषधांची नेहमीची मात्रा लिटरला 1 ते 2 मि.ली. च्या आसपास असते. म्हणजे दुपारच्या उन्हात, अडीचपट ते दहापट जहाल पाणी कोवळ्या पानांवर पडलं. काळे डाग त्याचे आहेत, नवा रोग नाही. डाग कोरडे असतील आणि पसरत नसतील तर पान तसंच राहू द्या. ते हिरवं होणार नाही, पण उरलेल्या हिरव्या भागावर झाड अन्न करत राहील. डाग ओला, दबलेला आणि रोज मोठा होत असेल तरच कापा. कापताना ब्लेड प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवून घ्या, कारण ऑर्किडचे विषाणू न तापवलेल्या ब्लेडने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातात.

आता किडी. तुम्ही फार चांगलं निरीक्षण करून लिहिलं आहे, निम्मं निदान पत्रातच झालं आहे. तुमच्या बाल्कनीत तीन वेगवेगळे जीव आहेत आणि तिघांनाही एकच औषध लागू पडणार नाही. 'सगळ्यावर चालतं' असं जे म्हणून दिलं जातं, ते या तिघांपैकी एकावर अर्धवट चालतं आणि तिसऱ्याला उलट पोसतं.

डेंड्रोबियमवरचा चिकट कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणजे आपला मिलीबग. तो झाडाच्या शिरेतला गोड रस ओढतो, जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो आणि त्या साखरेसाठी मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खाऊन जात नाहीत, त्याला एका फुटव्यावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त हा मिलीबगच्या उपचाराचाच भाग धरा. इथे एक खबरदारी मात्र घ्या. काही ऑर्किडांच्या कळ्यांच्या देठांवर आणि नव्या फुटव्यांवर झाड स्वतःहूनच गोड थेंब सोडतं. तिथे मुंग्या दिसल्या पण कापूस कुठेच नसेल, तर त्या झाडावर औषध मारायचं काहीच कारण नाही.

कॅटलियावरच्या पांढऱ्या पुडीत मात्र मुंग्या नाहीत आणि चिकटपणा नाही, हा मोठा पुरावा आहे. ती बहुधा कठीण कवचाची खवले कीड आहे. ऑर्किडवर, विशेषतः कॅटलियावर जगभर आढळणाऱ्या एका खवले किडीत नरांचे कोष पांढऱ्या कापसासारखे झुपक्याने बसतात आणि माद्या चपट्या, गोल, फिकट ठिपक्यांसारख्या त्यांच्या आसपास असतात. लोक नरांचा कापूस बघतात, मिलीबग समजतात आणि चुकीचं औषध आणतात. खात्री करायची असेल तर नखाने एक ठिपका हळूच उचलून बघा. कवच वेगळं निघालं आणि खाली पिवळसर मऊ शरीर बसलेलं दिसलं, तर ती कठीण कवचाची खवले कीड. कवच आणि कीड एकसंध निघाली, तर मऊ खवले कीड, आणि तिच्याजवळ सहसा चिकटपणाही असतो.

हा फरक मी उगाच घोळवत नाही. मिलीबग आणि मऊ खवले कीड शिरेतला रस पितात. कॉन्फिडोरमधलं इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही औषध आहे. ते झाडात शिरून रसाबरोबर फिरतं, म्हणून रस पिणाऱ्याच्या पोटात जातं. कठीण कवचाची कीड मात्र शिरेला तोंड लावतच नाही. ती पेशी फोडून त्यांतला द्रव खाते, त्यामुळे रसाबरोबर फिरणारं इमिडाक्लोप्रिड तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. वरून मारलेलं स्पर्शजन्य औषध कवचावरून ओघळून जातं. 'कॉन्फिडोर दोनदा मारलं तरी पांढरं जातच नाही' ही तक्रार येते ती इथूनच.

तिसरा जीव फॅलेनॉप्सिसवरचा, आणि तो कीटक नाहीच. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. लाल कोळी किंवा त्याचे चपटे भाऊबंद पानाच्या मागच्या पेशी एकेक करून रिकाम्या करतात. रिकाम्या पेशींत हवा भरते, म्हणून पान आधी चंदेरी आणि मग तपकिरी, खडबडीत दिसतं. लाल कोळ्याचं बारीक जाळं कधी दिसतं, चपट्या कोळ्यांचं तेही नसतं. पांढरा टिश्यू ओला करून पानाच्या मागून दाबून पुसा. त्यावर तांबूस-तपकिरी रेघा उमटल्या, तर कोळीच. शंका राहिलीच तर 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला लावतात त्या प्रकारचं, स्वस्तात मिळतं. ऑर्किडवाल्याच्या घरी फवारणीच्या पंपाच्या आधी भिंग असावं असं माझं ठाम मत आहे.

फवारणीनंतर याच फॅलेनॉप्सिस का बिघडल्या हेही आता सांगता येतं. थोडं नुकसान द्रावकाने केलं असेल. पण कोळ्यांना खाणारे दुसरे भक्षक कोळी आणि बारीक भुंगेरे असतात, आणि सरसकट मारणाऱ्या औषधाने ते आधी संपतात. लाल कोळी बऱ्याच औषधांना दाद देत नाही, त्याला मोकळं रान मिळतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड (झुरळांच्या फवाऱ्यात असतात त्या कुळातली औषधं) आणि इमिडाक्लोप्रिड वापरल्यावर कोळी वाढल्याची उदाहरणं तर पिकांत नेहमीचीच. शिवाय ऑक्टोबरचं कोरडं ऊन. 30 अंशांच्या आसपास त्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात पुरी होते. तेव्हा फॅलेनॉप्सिसवर कॉन्फिडोर मारायचं मनातून काढून टाका.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणतं घेऊ. बाजारात जायच्या आधी एक हिशेब करू. कॉन्फिडोर म्हणजे इमिडाक्लोप्रिड 17.8 एस.एल. (17.8 टक्के औषध असलेलं, पाण्यात विरघळणारं द्रव) ची मात्रा लिटरला साधारण 0.3 मि.ली. धरली, तर 100 मि.ली. च्या बाटलीत तीनशेहून जास्त लिटर पाणी तयार होतं. तुमच्या सोळा कुंड्यांना एका वेळी लिटरभर पुरेल. तीन फवारण्या केल्या तरी बाटलीतलं 1 मि.ली. सुद्धा संपणार नाही. उरलेलं 99 मि.ली. तीन वर्षांच्या मुलाच्या घरात ठेवायचं, आणि त्याची मुदत साधारण दोन वर्षांत संपते. कृषी सेवा केंद्रातलं माप एकराचं आहे, बाल्कनीचं नाही. म्हणून मी बाल्कनीवाल्यांना शेतीच्या औषधाची बाटली सांगतो ती सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना सांगायची वेळच येत नाही.

तुमच्या बाबतीत सुरुवात औषधाच्या दुकानातल्या 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिट नको, त्यात मिथेनॉल असतं. ग्लिसरीन घातलेलं जेल सॅनिटायझरही नको. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी त्यात बुडवून प्रत्येक मिलीबगला लावा. मेणाचं पांढरं आवरण विरघळून तो तपकिरी पडला की काम झालं. डेंड्रोबियमच्या केनवर (उसासारख्या उभ्या खोडावर) जी सुकलेली कागदी सालं असतात ती अलगद सोलून काढा, निम्मी कीड त्यांच्याखाली असते आणि फवारा तिथे पोचत नाही. कॅटलियाच्या बल्बवरचीही तशीच काढा. नव्या कोवळ्या फुटव्याची हिरवी सालं मात्र सोलू नका. कॅटलियाला जुना मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये भिजवून हलक्या हाताने घासा. कवच निघालं पाहिजे, साल खरवडता कामा नये. हे काम सावलीत करा, गॅस आणि देवापुढच्या समईपासून लांब, आणि झाडावर अल्कोहोल ओतू नका, पुसा.

अल्कोहोल अंड्यांना फारसं काही करत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा पुसायचं, आणि असं किमान तीन वेळा. लोक पहिल्या वेळेला दोन तास घालवतात, झाड स्वच्छ दिसतं म्हणून दुसरी वेळ टाळतात आणि महिन्याभराने 'औषध लागू पडलं नाही' म्हणतात. खवले किडीची अंड्यातून निघालेली पिल्लंच फक्त चालतात, तेव्हा त्यांच्यावर कवचही नसतं. एकदा तोंड रुतवून बसली की संपलं. दुसरी आणि तिसरी वेळ या चालत्या पिल्लांसाठीच आहे.

पुसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी निंबोळी तेलाचा फवारा द्या. लिटरभर कोमट पाण्यात 5 मि.ली. तेल, आणि ते मिसळण्यापुरता 1 ते 2 मि.ली. सौम्य द्रव साबण. आधी साबण आणि तेल एकत्र घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीला नुसतं तेल मिळतं. शाम्पूत सुगंध, मीठ आणि बरंच काही असतं, तो केसांसाठीच ठेवा. अझाडिरॅक्टिनचं (निंबोळीतल्या मूळ कीडनाशक द्रव्याचं) तयार औषध घेतलंत तर पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत ते किती भाग आहे याचा, आकडा बघा. 1500 आणि 10000 यांची मात्रा एक नसते, पाकिटावर लिहिली असेल तीच घ्या. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन किडा लगेच मारत नाही, त्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, आणि उन्हात काही दिवसांतच निकामी होतं. तेल मात्र अंगावर पसरून कवचाच्या किडीचा श्वास कोंडतं. म्हणून कॅटलियावर मला तेलच जास्त भरवशाचं वाटतं. तेल उन्हात मारलं की पान भाजतं. सकाळी सातच्या आत मारा, झाडं आदल्या संध्याकाळी पाणी प्यायलेली असू द्या. पूर्वेच्या बाल्कनीत ऊन लवकर येतं, त्या दिवसापुरती झाडं आत घ्या किंवा चादर लावा. संध्याकाळ मी मुद्दाम सांगत नाही, कारण फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या खळग्यात रात्रभर पाणी राहिलं तर गाभा सडतो. सकाळी मारल्यावरही तिथलं पाणी टिश्यूने टिपून घ्या. आणि कुठलंही नवं औषध असो, पहिल्यांदा एका झाडाच्या एका पानावर मारून पाच-सात दिवस थांबा. लेबलवर पिकांची यादी असते, कापूस, भात, मिरची, द्राक्ष. ऑर्किडचं नाव त्यात सहसा नसतं. तेव्हा तुमच्या झाडाला ते सोसतं की नाही हे तुम्हालाच पारखावं लागणार.

फॅलेनॉप्सिसला सुरुवातीला नुसतं पाणी. पान हातावर धरून मागची बाजू नळाच्या जोरदार पण न फाडणाऱ्या धारेखाली धुवा, ओल्या फडक्याने पुसा, मग निंबोळीचा हलका फवारा मागच्या बाजूने. पाच ते सात दिवसांच्या अंतराने चार वेळा. फडकं प्रत्येक झाडाला वेगळं. आधीची चंदेरी पानं चंदेरीच राहतील, सुधारणा नव्या पानावर बघायची. त्या पानाची मागची बाजू गुळगुळीत हिरवी आली की कोळी हटले. बाल्कनीत खूप कोरडं असेल तर कुंड्यांखाली खडीचा आणि पाण्याचा ट्रे ठेवा, कुंडीचा तळ पाण्यात बुडू न देता.

एवढं सगळं नेटाने करूनही सहा आठवड्यांनी कीड उरली, तरच रासायनिक औषध. तेव्हा बाटलीवर काय बघायचं ते लिहितो. पहिलं, कंपनीचं ठळक नाव सोडून खाली बारीक अक्षरांतलं औषधाचं मूळ नाव वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि ॲसिटामिप्रिड ही तिन्ही एकाच कुळातली. एकाचा गुण येईना म्हणून दुसरं आणलं तर दुकान बदलतं, औषध बदलत नाही, आणि किडीला त्या कुळाचीच सवय होते. दुसरं, औषधाचं रूप. नावापुढे डब्ल्यू.जी. (पाण्यात मिसळणारे दाणे), डब्ल्यू.पी. (पाण्यात मिसळणारी पावडर), एस.सी. (पाण्यातलं दाट मिश्रण) किंवा एस.एल. असेल तर ऑर्किडला सहसा बरं, ई.सी. टाळा. डब्ल्यू.पी. पावडरचे पांढरे डाग पानावर राहतात, ते दिसायला वाईट असतात एवढंच. तिसरं, त्रिकोणाचा रंग. आपल्याकडे प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर तो छापलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. लहान मूल असलेल्या फ्लॅटमध्ये लाल आणि पिवळा त्रिकोण आणायचाच नाही, दुकानदार काहीही म्हणो.

या चाळणीतून तुमच्यासाठी काय उरतं? पिल्लांसाठी ब्युप्रोफेझिन 25 एस.सी. हे कीटकाला नवी कात तयार करू देत नाही, त्यामुळे वाढीतले मिलीबग आणि खवले किडीची पिल्लं त्यात मरतात. प्रौढ माद्या तशाच राहतात, त्यांच्यासाठी तुमचा टूथब्रश आहेच. डेंड्रोबियमवरचा मिलीबग फारच चिवट निघाला तर थायामेथोक्झाम 25 डब्ल्यू.जी. ते छोट्या पुडीत मिळतं, घरात साठा उरत नाही म्हणून मी ते बाटलीतल्या इमिडाक्लोप्रिडच्या आधी सुचवेन. मात्रा लिटरला 0.2 ते 0.3 ग्रॅम, आणि पुडीचा त्रिकोण मात्र आधी तपासा. आपल्या ऑर्किडांच्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं असतात. वरून ओतलेलं औषध मातीसारखं तिथे थांबत नाही, क्षणात खाली निघून जातं. म्हणून पानांच्या मागून आणि बेचक्यांतून फवारा. फुलं उमललेली असताना हे कुळ मारू नका, मधमाश्यांना ते फार घातक आहे. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्यावरचा वापर 2018 मध्ये त्याच कारणाने बंद केला.

कोळ्यांसाठी कीटकनाशक नव्हे, कोळीनाशक मागायचं. स्पायरोमेसिफेन 22.9 एस.सी. अंडी आणि पिल्लांवर चांगलं चालतं. गंधकाची पाण्यात मिसळणारी पावडरही जुनी आणि स्वस्त आहे, पण 32 अंशांच्या वर तापमान असेल तर ती पान जाळते, आणि निंबोळी तेलाच्या आगेमागे दोन-तीन आठवडे ती मारायची नाही. तेल आणि गंधक एकत्र आले की पानांची होळी. डायकोफॉल मात्र कुणी जुन्या साठ्यातून दिलं तर घेऊ नका, भारतात त्यावर बंदी आली आहे.

तुमच्या ग्रुपच्या मिश्रणाबद्दल थोडक्यात. बाविस्टीन हे बुरशीनाशक आहे, त्याने एकही किडा मरत नाही. उरलेल्या तिघांना एकत्र करून काय साधलं, आणि पान भाजलं तर कुणामुळे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एका वेळी एक औषध. झुरळांचा फवाराही बाल्कनीत आणू नका. त्यातला द्रावक पान भाजतो आणि परमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं मांजरांना विषारी असतात. माणसाला किंवा कुत्र्याला सोसेल ते मांजराचं यकृत वेळेत मोडू शकत नाही. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे फवारलेली कुंडी जमिनीवर वाळत ठेवणंसुद्धा नको. मुंग्यांसाठी साखरेच्या पाण्यात बोरॅक्स घालून आमिष करतात, तेही झाकणाला भोक पाडलेल्या डबीत, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला.

फवारताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही, हे लक्षात ठेवा. 'चार कुंड्यांना कशाला एवढं' असं वाटतं, म्हणून सांगतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसं आयुष्यभर फवारणी करणारी होती. तुमची मात्रा लहान आहे, पण बंदिस्त बाल्कनी आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे हे तुमच्याकडचं जास्तीचं आहे. वारा नसताना मारा, खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगा, नातू आणि मांजर आतल्या खोलीत, बाल्कनीचं दार बंद. मोजायला 1 मि.ली. ची सिरिंज वेगळी ठेवा आणि ती स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. चुकून कुणी प्यायलं किंवा अंगावर सांडून घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय, आणि हातात वेष्टन. डॉक्टरांना विषाचं कूळ कळलं तर उतारा लवकर देता येतो. बिनलेबलच्या बाटलीचा खरा धोका तिथे कळतो.

तिचं काय करायचं ते राहिलं. बेसिनमध्ये, गटारात किंवा कुंडीत ओतू नका. 2016 च्या घनकचरा नियमांत कीटकनाशकांचे डबे 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळे धरले होते. घट्ट बंद करून, दुहेरी पिशवीत घालून, वर लिहून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता सफाई कर्मचाऱ्यांना सांगून द्या किंवा महापालिकेच्या कचरा विभागाकडे संकलनाची सोय विचारा. नर्सरीवाल्यांनाच परत नेऊन दिलीत तर तेही चालेल, पण मग पुढच्या गिऱ्हाइकाला ती जाणार नाही असं बजावून.

सीतेची वेणी बाल्कनीत लावा, पण आज नाही. रानातून आलेल्या झाडाच्या मुळांत मुंग्यांचं घर, गोगलगाईची अंडी, खवले कीड, काहीही असू शकतं. महिनाभर ती बाकीच्या सोळांपासून दूर, दुसऱ्या खिडकीत ठेवा. आधी मुळं वाहत्या पाण्यात धुवा, पानांच्या बेचक्या भिंगाखाली बघा, सुकलेला भाग काढा. पहिल्या आठवड्यात रात्री दहानंतर टॉर्च घेऊन एकदा बघा, गोगलगाय तेव्हाच बाहेर येते. दिसली तर हाताने उचला. तिच्यासाठी मिळणारे मेटाल्डिहाइडचे दाणे मांजराच्या घरात नकोत, आणि वरची कुठलीही कीटकनाशकं तिला लागू पडत नाहीत. मुळं कुंडीत कोंबू नका. आंब्याच्या किंवा फणसाच्या जाड सालीच्या फळीवर सुतळीने बांधून टांगा. दिरांना मात्र सांगा की झाड वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचं असेल तर ठीक. जिवंत झाडावरून उपटून आणू नका, आंबोलीतच राहू द्या.